केबल, मीटर की मोबाइल? जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बंद पडल्यावर

मारुती ८००, पद्मिनी, अँबॅसडर अशा केबलवाल्या गाडीचा काटा बंद पडला की गॅरेजमध्ये दोनपैकी एक सल्ला मिळतो: केबल टाका, नाहीतर जुन्या बाजारातून अख्खा मीटर आणा. हो म्हणण्याआधी एकदा गाडी चालवून किलोमीटरच्या आकड्यांकडे बघा.

काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर मीटर बहुधा धडधाकट असतो. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणाऱ्या केबलच्या आतली, फिरणारी तार तुटलेली असते, किंवा गिअरबॉक्समध्ये तिला फिरवणारं छोटं गिअर झिजलेलं असतं. आकडे फिरतायत आणि काटा तेवढा पडून आहे, तर मात्र केबलवर पैसे घालू नका. तार फिरते म्हणूनच आकडे फिरतात. दुखणं मीटरमध्ये आहे. काटा थरथरत असेल किंवा डॅशबोर्डमागून किरकिर ऐकू येत असेल, तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी जास्त वाकलीय.

शंका उरलीच तर मीटरच्या बाजूने केबल सोडवा, चाक उचलून गाडी गिअरमध्ये हळू चालवा आणि तारेचं टोक फिरतंय का ते पाहा. इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर पुढचं, मागची फिरवत असेल तर मागचं. स्टँड भक्कम हवेत, नुसत्या जॅकवर हा उद्योग नको.

आता पर्यायांकडे. केबल हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि लक्षणं जुळत असतील तर इथूनच सुरुवात करावी. नवी तार खालच्या भागात ग्रीस लावून घाला, मीटरकडचं टोक जवळजवळ कोरडं ठेवा. मीटरमध्ये तारेबरोबर लोहचुंबक फिरतो आणि त्याला न शिवता ॲल्युमिनियमची वाटी ओढली जाते. काटा त्या वाटीवर असतो आणि नाजूक स्प्रिंग त्याला मागे खेचते. ग्रीस वर चढून चुंबक आणि वाटीच्या मधे गेलं की काटा भलताच वर जातो. फिटर लोक कौतुकाने भरपूर ग्रीस लावतात, त्यांना आवरा.

मीटरच बिघडला असेल तर जुना आणण्यापेक्षा आहे तो दुरुस्त करणं मला बरं वाटतं. मीटरवाले कारागीर कमी झालेत, वेळ लागतो; पण गाडीचं मूळ रीडिंग टिकतं. बाजारातला मीटर त्याच दिवशी बसतो, मात्र त्यावरचे किलोमीटर दुसऱ्या गाडीचे असतात. शिवाय तो त्याच मॉडेलचा नसेल तर तारेच्या फेऱ्यांचा हिशोब जुळत नाही आणि वेग कायमचा चुकीचा दिसतो. आणायचाच असेल तर दोन्ही मीटरचे फोटो आणि बिल ठेवा, गाडी विकताना उपयोगी पडेल.

मोबाइलवरचा जीपीएस मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात चांगला अचूक असतो. ब्रेक मारल्यावर आकडा मागे रेंगाळतो, एक्सप्रेसवेच्या बोगद्यात तर भरवसाच नाही. स्पेअर येईपर्यंत ठीक. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी दाखवायची असेल तर मात्र गाडीतलाच मीटर चालू हवा.

मीटर मोबाइलपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो म्हणून लगेच खोलायला जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही. जास्त मात्र १० टक्के अधिक ताशी ४ किमीपर्यंत चालतो. म्हणजे खरे ८० असताना ९२ दिसले तरी नियमात बसतं. काटा कमी दाखवत असेल तर आधी टायरचा साइज बघा: मूळपेक्षा मोठे टायर टाकले की गाडी काट्यापेक्षा जोरात पळते, आणि त्याला ना केबलचा उपाय आहे ना मीटरचा.