पाचाच्या आतल्या मुलाला आधी कुठे न्यावे : मल्टिप्लेक्समध्ये की बालनाट्याला?

चार-पाच वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात न्यायचे ठरले, की मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या पालकांपुढे दोन पर्याय असतात : मल्टिप्लेक्समधला मुलांचा चित्रपट किंवा नाट्यगृहातले बालनाट्य. माझे मत आधीच सांगतो. मूल पाच वर्षांच्या आतले असेल आणि जवळपास प्रयोग लागलेला असेल, तर सुरुवात बालनाट्याने करावी. चित्रपटासाठी आणखी वर्षभर थांबल्याने काहीही बिघडत नाही.

याचे पहिले कारण आवाज. चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्रणेची प्रमाणित रचना पडद्यामागच्या एकेका वाहिनीतून १०५ डेसिबलपर्यंतचा आवाज निघू शकेल अशी असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो कमी ठेवतात. तरीही मूळ चित्रपट सुरू होण्याआधीच्या जाहिराती आणि आगामी चित्रपटांच्या झलका यांच्या दणदणाटानेच कित्येक मुले कानांवर हात ठेवून रडू लागतात, आणि मग पुढचा सारा वेळ त्यांची समजूत काढण्यात जातो. जाहिराती संपेपर्यंत मुलाला बाहेर फिरवून मगच आत नेणे हा यावरचा साधा उपाय आहे. नाट्यगृहात नेमके उलटे करावे लागते : तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी जाऊन, दिवे चालू असतानाच मुलाला पडदा, रंगमंच आणि आपली खुर्ची दाखवून ठेवावी, म्हणजे अंधार झाल्यावर ते बावरत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. या वयाचे मूल गप्प बसून पाहत नाही. ते विचारते, सांगते, उठून उभे राहते. चित्रपट त्याच्यासाठी थांबत नाही आणि पुढच्या रांगेतली माणसे मागे वळून बघू लागतात. बालनाट्यात मात्र राक्षस झाडामागे लपल्यावर नट प्रेक्षकांनाच विचारतो, "कुठे गेला रे तो?", आणि शेकडो मुले एकदम ओरडून उत्तर देतात, तो गलका ओसरेपर्यंत नट पुढचे वाक्य घेत नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केले, रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही संस्था काढली. त्यांच्यापासून चालत आलेल्या या परंपरेने लहान प्रेक्षकाची ही चुळबुळ प्रयोगाचाच भाग मानली आहे. शिवाय नाटक मराठीत असते. परदेशी ॲनिमेशनपट बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत मिळतात, आणि घरी मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला त्यातले विनोद समजावून सांगत बसावे लागते.

भीतीच्या बाबतीत मात्र चित्रपटाचे पारडे जड आहे. पडद्यावरच्या चेटकिणीबद्दल "ते नुसते चित्र आहे" असे म्हणता येते. नाटकातली चेटकीण कधी कधी प्रेक्षकांमधून चालत येते आणि हातभर अंतरावर उभी राहते. भित्र्या मुलासाठी मधल्या वाटेला लागून असलेली पुढची जागा घेऊ नये. प्रयोगानंतर कलाकार मुलांना भेटत असतील तर जरूर भेटवावे, कारण चेटकिणीने हसून हात मिळवला, की घरी परतल्यावरही मनात राहिली असती ती भीती बरीच ओसरते.

खर्च आणि सोय यांत फारसा फरक नाही. बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे वेगळे तिकीट काढावे लागते. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास ते मनाई करू शकतात. पण तान्ह्या बाळाचे खाणे पालकांना नेऊ द्यावे आणि पिण्याचे पाणी मोफत मिळावे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा दाराशी संकोच करू नये.

खरी अडचण उपलब्धतेची आहे. बालनाट्यांचे प्रयोग मुख्यतः मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत लागतात, तेही मोजक्या शहरांत. बंगळुरू किंवा इंदूरच्या मराठी कुटुंबाला अनेकदा चित्रपटावाचून पर्याय नसतो. अशा वेळी सकाळचा खेळ, शंभर मिनिटांच्या आतला चित्रपट आणि मधल्या रांगेतली कडेची जागा निवडावी. हलक्या मुलाच्या वजनाने खुर्चीची बैठक खाली राहत नाही आणि ते तिच्यात अडकते, म्हणून उंच बैठक मिळते का हे आत शिरतानाच विचारावे. प्रमाणपत्र अवश्य पाहावे. पूर्वीच्या 'यूए'चे आता '७+', '१३+' आणि '१६+' असे तीन भाग झाले आहेत. ती पालकांसाठी सूचना असल्याने निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. 'यू' प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटातही पिल्लाची आई मरण्याचा किंवा मूल हरवण्याचा प्रसंग असू शकतो, म्हणून कथा आधी वाचून मुलाला थोडक्यात सांगून ठेवावी. तरीही मध्यंतरात मूल "घरी जाऊ या" म्हणाले, तर तिकिटाच्या पैशांचा विचार न करता उठावे.