देशादेशांतल्या गुन्ह्यांची तुलना: यूएनओडीसीचं डेटा पोर्टल खुनासाठी भरवशाचं, बाकीसाठी जपून

'जगातले सर्वांत सुरक्षित देश' अशी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती बरेचदा नंबिओ या संकेतस्थळाची असते. नंबिओचा क्राइम इंडेक्स पोलिसांच्या नोंदींवर उभा नाही. संकेतस्थळावर येऊन प्रश्नावली भरणाऱ्यांना रात्री एकट्यानं चालायला भीती वाटते का, घरफोडीची धास्ती आहे का, असं विचारतात आणि उत्तरांतून आकडा काढतात. तोच शंभरातून वजा केला की सेफ्टी इंडेक्स. लोकांना काय वाटतं ते यातून कळतं, गुन्हे किती घडले ते नाही. ते पाहायचं तर व्हिएन्नातल्या यूएनओडीसीचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविषयक कार्यालयाचं डेटा पोर्टल उघडावं. ते फुकट आहे, फायली एक्सेलमध्ये उतरवता येतात, आणि सदस्य देशांना दरवर्षी पाठवलेल्या एकाच ठरावीक प्रश्नावलीतून मुख्यतः ही माहिती येते.

पोर्टलचा सर्वांत दणकट भाग म्हणजे हेतुपुरस्सर मनुष्यवधाची फाईल. चोरीची फिर्याद लोक देतातच असं नाही, पण मेलेला माणूस सहसा नोंदीतून सुटत नाही. शिवाय मृत्यूची नोंद पोलिसांकडे होते तशी आरोग्य खात्याकडेही होते, त्यामुळे ताळा घेता येतो. 2021 मध्ये जगभरात सुमारे 4 लाख 58 हजार माणसं अशी मारली गेली, लाख लोकसंख्येमागे 5.8.

फाईल उघडल्यावर वरच्या टिपेच्या ओळी काढून टाका आणि फिल्टर लावा. इंडिकेटरमध्ये फक्त 'व्हिक्टिम्स ऑफ इंटेन्शनल होमिसाइड' ठेवा, कारण त्याच फाईलमध्ये अटक झालेले आणि दोषी ठरलेले यांच्याही ओळी असतात. डायमेन्शन, कॅटेगरी, सेक्स आणि एज या चारही रकान्यांत 'टोटल' निवडा. हे राहिलं तर स्त्री, पुरुष आणि एकूण अशा तिन्ही ओळींची बेरीज होऊन देशातले खून दुप्पट दिसतात. ही चूक सर्रास होते. मग युनिटमध्ये 'रेट पर 1,00,000' घ्या. शेवटचा सोर्स हा रकाना मात्र लपवू नका. एकाच देशाचा एका वर्षीचा आकडा पोलिसांकडून आणि दुसऱ्या वर्षीचा मृत्यूनोंदीतून आला असेल, तर मधला चढउतार खरा असेलच असं नाही. ब्रिटन शोधताना सापडलं नाही तर घाबरू नका. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड अशा तीन वेगळ्या ओळी आहेत.

भारताची ओळ आपल्या एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या अहवालाशी जुळत नाही म्हणून पोर्टलला खोटं ठरवण्याची घाई नको. एनसीआरबीच्या 2022 च्या अहवालात खुनाचे 28,522 गुन्हे आहेत, दर 2.1. हे गुन्हे आहेत, माणसं नाहीत; एका एफआयआरमध्ये तीन खून असले तरी गुन्हा एक. यूएनओडीसी मात्र बळी मोजते. त्यातून हुंडाबळी आपल्याकडे वेगळ्या रकान्यात जातात (2022 मध्ये 6,450 गुन्हे), तर यूएनओडीसी वापरते त्या 2015 च्या आंतरराष्ट्रीय गुन्हे वर्गीकरणात हुंड्यापायी केलेली हत्या हेतुपुरस्सर मनुष्यवधातच धरतात. भागाकारासाठी वापरलेली लोकसंख्याही दोघांची वेगळी. म्हणून एका देशाचा आकडा राष्ट्रीय अहवालातून आणि दुसऱ्याचा पोर्टलवरून उचलू नये. जपानी पोलिसांच्या 'खून' या आकड्यात खुनाचे प्रयत्नही येतात, हे माहीत नसेल तर तुलना तिथेच फसते.

वर्षाचा अर्थही तपासावा. शेफिल्डमधल्या हिल्सबरो मैदानावर 1989 मध्ये चेंगराचेंगरी झाली. 2016 च्या न्यायचौकशीत ते मृत्यू म्हणजे बेकायदा मनुष्यवध ठरला आणि इंग्लंड-वेल्सच्या पोलिसी आकडेवारीत 96 बळी मार्च 2017 ला संपणाऱ्या वर्षात धरले गेले. आलेख एकदम उसळलेला दिसला की आधी असं काही घडलंय का ते पाहावं. छोट्या देशांचं तर विचारूच नका: 50 हजार वस्तीच्या बेटावर एका वर्षी एक खून म्हणजे दर 2, पुढच्या वर्षी दोन झाले की 4. अशा ठिकाणी पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

बलात्कार, अपहरण, चोरी यांच्या फायली पोर्टलवर आहेत, पण त्यांवरून देशांची क्रमवारी लावणं हा त्या आकड्यांवर अन्याय आहे. स्वीडनमध्ये एकाच माणसानं एकाच स्त्रीवर वर्षभर केलेला प्रत्येक अत्याचार स्वतंत्र मोजतात, तोही तक्रार येताक्षणी. शिवाय 1 जुलै 2018 पासून तिथला कायदा संमतीवर आधारलेला आहे. आपल्याकडे एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतात आणि पत्नी सज्ञान असेल तर पतीवर बलात्काराचा गुन्हा लागतच नाही. मग स्वीडनचा आकडा मोठा आणि आपला छोटा दिसला, तर त्यातून बायकांच्या सुरक्षिततेबद्दल काय कळणार?

अपहरणाचंही तसंच. 'अल्पवयीन मुलगी बेपत्ता, अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा' ही बातमी आपण रोज वाचतो. मे 2013 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बेपत्ता मुलांच्या प्रकरणात थेट गुन्हा नोंदवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. पण 2022 चे 1,07,588 अपहरणाचे गुन्हे वाचताना पळून जाऊन लग्न केलेल्या कितीतरी मुली त्यात आहेत हे ध्यानात हवं. कॅनडात आई-बापांच्या ताब्याच्या भांडणातून मूल नेलं तरी ते अपहरणात येतं.

मुलगी शिकायला लेस्टर किंवा बर्मिंगहॅमला चालली असेल, तर या पोर्टलचा घरच्यांना फारसा उपयोग नाही. देशाचा दर गल्लीला लागू होत नाही. त्यासाठी पोलिस डॉट यूके उघडा आणि भाड्याच्या घराचा पोस्टकोड टाका; महिनावार, प्रकारवार नोंदी नकाशावर दिसतात. निदान बारा महिने पाहा, एका महिन्यावर जाऊ नका. आणि ठिपका नेमका त्या दारासमोर दिसला म्हणून घर नाकारू नका: ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो, त्यामुळे सुपरमार्केट किंवा पार्किंगपाशी ठिपक्यांचा ढीग दिसतो.