लोगोवर अडकलेला फोन आणि ‘युजरडेटा’समोरची खूण: फर्मवेअर टाकल्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

मीडियाटेकच्या हेलिओ पी३५ चिपचा, ४/६४ जीबी, अँड्रॉइड १० वर आलेला आणि पुढे ११ मिळालेला हा फोन ज्यांच्या घरात आहे त्यांना त्याचे बाकीचे गुणदोष नव्याने सांगायला नकोत. कॅमेरा दिवसा बरा, रात्री नाही. बॅटरी दीड दिवस जाते. व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि यूपीआय एवढ्याला तो पुरतो. मला लिहायचंय ते वेगळंच. एका सिक्युरिटी अपडेटनंतर हा फोन लोगोवर अडकला. फर्मवेअर, म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर, पुन्हा टाकून तो मी चालू केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत तो रोज वापरात आहे. या सगळ्यात एक गोष्ट अशी कळली की ती मला ओरडून सांगाविशी वाटते: कॉम्प्युटरवरून फर्मवेअर टाकताना टूलच्या यादीतल्या ‘युजरडेटा’ या ओळीसमोरची खूण काढता येते. ती काढली तर फोनमधलं सगळं जागच्या जागी राहतं. सर्व्हिस सेंटरपासून स्टँडजवळच्या दुकानापर्यंत एकानेही हे मला सांगितलं नाही.

फोन माझ्या बायकोचा. ती मिरजेत घरीच शिलाईकाम करते. मापांच्या वहीचे फोटो, गळ्यांची डिझाइनं, कुणाचं अस्तर यायचंय, कुणाला बाही कोपरापर्यंत हवीय, हे सगळं फोनच्या गॅलरीत आणि व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये. गुगलचे फुकटचे १५ जीबी भरलेले होते. २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे तो कधीच थांबला होता. आणि लग्नसराई तोंडावर. फोन बंद पडल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, ‘‘मापं गेली तर सगळ्यांना परत बोलवायचं का?’’

सर्व्हिस सेंटरला काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, बटण दाबून बघितलं आणि म्हणाला, ‘‘सर, बोर्ड गेलाय. बदलायला ५,८०० होतील.’’ फोन घेतला होता ९,५०० ला. वर जॉबशीटवर ‘डेटा जाईल हे मला मान्य आहे’ अशी ओळ आधीच छापलेली, खाली सही करायची. मी सही केली नाही. बोर्ड गेलाय हे फोन न उघडता, कॉम्प्युटरला न जोडता कसं कळलं, असं विचारलं तर ‘‘लोगोच्या पुढे जात नाही ना’’ असं उत्तर मिळालं. स्टँडजवळच्या दुकानदाराने निदान खरं निदान केलं: ‘‘दादा, सॉफ्टवेअर मारावं लागेल. चारशे रुपये. डेटा जाईल.’’ तिथेही तेच शेवटचं वाक्य.

लोगोच्या पुढे न जाणं म्हणजे बोर्ड जाणं नव्हे, उलट बोर्ड शाबूत असण्याची ती खूण आहे. मीडियाटेकच्या फोनमध्ये बटण दाबल्यावर आधी चिपमध्येच कोरलेला बूटरॉम चालतो. तो पुसता येत नाही. तो प्रीलोडरला उठवतो, प्रीलोडर रॅम तयार करून एलके नावाच्या बूटलोडरला, आणि एलके पुढे कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) आणि अँड्रॉइडला. कंपनीचा लोगो एलके दाखवतो, तोही लोगोच्या स्वतंत्र पार्टिशनमधून, म्हणजे स्टोरेजच्या कप्प्यातून, वाचून. म्हणजे लोगो दिसला याचा अर्थ प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, डिस्प्ले एवढी मंडळी कामावर आहेत. पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण दाबून रिकव्हरी (अँड्रॉइडबाहेरचा दुरुस्तीचा मेनू) उघडली तर शंकाच उरत नाही. आमच्या फोनची रिकव्हरी उघडत होती. घोटाळा त्याच्या पुढे होता, अर्धवट लिहिल्या गेलेल्या सिस्टिममध्ये. या फोनला ए/बी पार्टिशन, म्हणजे सिस्टिमसाठी कप्प्यांची जोडी, नाहीत. ए/बी असलेल्या फोनमध्ये अपडेट दुसऱ्या बाजूला लिहिलं जातं आणि ते फसलं तर फोन जुन्या बाजूवरून उठतो. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून, सातव्या आवृत्तीपासून आहे. आमच्या फोनमध्ये ती नसल्यामुळे अपडेट चालू सिस्टिमवरच लिहिलं जातं.

रिकव्हरीच्या पडद्यावर अगदी वर बारीक अक्षरात बिल्ड नंबर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक, असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे सगळं त्यावर अवलंबून आहे. आणि ‘फॅक्टरी डेटा रीसेट’ दाबू नका. फोन वारंवार बूट व्हायला चुकला की अँड्रॉइड स्वतःच एक पडदा दाखवतं: सिस्टिम लोड होत नाही, तुमचा डेटा खराब झाला असू शकतो, पुन्हा प्रयत्न करा किंवा सगळं पुसा. अँड्रॉइड ८ पासून ही व्यवस्था आहे. घाबरलेला माणूस इथेच सगळं घालवून बसतो. आमच्या बाबतीत डेटा ठणठणीत होता, सिस्टिम खराब होती, आणि फोन बोट दाखवत होता डेटाकडे.

फर्मवेअर शोधण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. कंपनी ते देत नाही. एकाच नावाच्या मॉडेलचे दोन-तीन प्रकार असतात, आणि डाउनलोडच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या, भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या जागा पुष्कळ. फाइल उघडल्यावर आत स्कॅटर नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये वाचता येते. कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं, केवढं आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यातला चिपचा नंबर जुळला पाहिजे. पी३५ म्हणजे एमटी६७६५. नंतर बिल्ड नंबर. इथे एक बारकावा आहे: फोनमध्ये होती तीच किंवा त्याहून नवी बिल्ड घ्या, जुनी नको. अँड्रॉइडमध्ये डेटा कूटबद्ध असतो आणि त्याच्या किल्ल्या सिक्युरिटी पॅचच्या पातळीशी बांधलेल्या असतात. मागची आवृत्ती टाकली तर डेटा जागेवर असूनही उघडत नाही. शिवाय अँटी-रोलबॅक असेल तर फोन जुनी आवृत्ती घेतच नाही. पिक्सेल ६ ला अँड्रॉइड १३ आल्यावर परत १२ वर जाता येत नव्हतं ते यामुळेच. आमचं अपडेट मध्येच फसलेलं, तेव्हा मी त्या अपडेटचीच बिल्ड घेतली.

विंडोजवर मीडियाटेकचा ड्रायव्हर आणि एसपी फ्लॅश टूल (केबलवरून फोनमध्ये फर्मवेअर लिहिणारा प्रोग्राम) लागतं. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. त्यावर वेगळं काही लिहीत नाही, हे सगळीकडे मिळतं.

आता मुद्द्याची गोष्ट. स्कॅटर फाइल निवडली की टूलमध्ये पार्टिशनांची यादी येते आणि प्रत्येक ओळीसमोर एक चौकट, तिच्यात बरोबरची खूण. वरच्या पर्यायांमध्ये तीन गोष्टी असतात: नुसतं डाउनलोड, फर्मवेअर अपग्रेड, आणि ‘फॉरमॅट ऑल + डाउनलोड’. तिसऱ्याला हात लावू नका. तो फक्त फोटो पुसत नाही, एनव्हीरॅमही पुसतो. तुमच्या फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि नेटवर्क पकडणाऱ्या रेडिओचं कॅलिब्रेशन त्या भागात असतं. ते फर्मवेअरच्या फाइलीत नसतं, प्रत्येक फोनचं वेगळं असतं. ते गेलं की फोन चालू होतो पण नेटवर्क येत नाही, आणि वायफायच्या यादीत ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ नावाचं भलतंच कनेक्शन दिसायला लागतं. मग पुढचा दुकानदार आयएमईआय ‘लिहून देतो’ म्हणतो. आयएमईआयशी छेडछाड करायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नये.

पहिला पर्याय ठेवायचा, नुसतं डाउनलोड. मग यादीत खाली जायचं. युजरडेटाची खूण काढायची. मेटाडेटा अशी ओळ असेल आणि तिच्यासमोर खूण असेल तर तीही काढायची, कारण ज्या फोनमध्ये मेटाडेटा एन्क्रिप्शन आहे त्यात डेटाची किल्ली तिथे असते. घर वाचवून किल्ली जाळल्यासारखं होईल. प्रीलोडरचीही खूण मी काढली, कारण तो व्यवस्थित चालत होता आणि चुकीचा प्रीलोडर गेला तर फोन पूर्ण मरतो. बाकी बूट, व्हीबीमेटा, सुपर वगैरे सगळं एकाच बिल्डचं आणि एकत्र टाकायचं. व्हीबीमेटामध्ये बाकीच्या भागांची पडताळणी असते, त्यामुळे एक भाग इथला आणि एक तिथला चालत नाही.

फोन बंद करून आवाजाचं बटण दाबून केबल लावली. प्रीलोडर दोन-तीन सेकंदच दार उघडं ठेवतो, तेवढ्यात टूलने पकडलं पाहिजे. आधी लाल पट्टी, मग पिवळी, शेवटी हिरवी खूण. केबल काढून फोन चालू केला. लोगो बराच वेळ राहिला, पुष्कळच वेळ. मग पडदा उजळला आणि फोनने पॅटर्न मागितला.

भाषा निवडा, स्वागत आहे, असं काही नाही. पॅटर्न! डेटा वाचल्याचा पुरावा तोच. आत मापं होती, व्हॉइस मेसेज होते, यूपीआय ॲपलाही पुन्हा नोंदणी लागली नाही. *#06# केलं, दोन्ही आयएमईआय खोक्यावरच्याशी जुळले. बूटलोडर कुलूपबंदच राहिला, कारण फर्मवेअर कंपनीच्याच सहीचं होतं. त्यामुळे बँकेची ॲप्सही कुरकुर करत नाहीत. खर्च शून्य.

त्यानंतरच्या महिन्यांत माझी दोन मतं बदलली.

पहिलं, अपडेटबद्दल. सुरुवातीला मी तिच्या फोनचं ऑटो-अपडेट बंद करून टाकलं होतं आणि ओळखीच्या सगळ्यांना तेच सांगत होतो. आता सांगत नाही. ज्या फोनवर गिऱ्हाइकांचे पैसे येतात तो फोन जुन्या पॅचवर ठेवणं बरोबर नाही. पुढे एक अपडेट आलं तेव्हा आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा फोल्डर लॅपटॉपवर काढला, बॅटरी भरली आणि मग घेतलं. विनातक्रार झालं.

दुसरं, त्या दुकानदाराबद्दल. डेटा जाईल हे वाक्य तो आळसाने म्हणतो असं मला वाटत होतं. नंतर त्याच्याशी निवांत बोललो, टूलमधली ती ओळ दाखवली. त्याला ती माहीत होती. त्याचं म्हणणं असं की डेटा ठेवून सॉफ्टवेअर मारलं आणि डेटाच खराब असेल तर फोन पुन्हा लोगोवर अडकतो, पुन्हा अर्धा तास जातो, आणि गिऱ्हाईक चारशेच्या वर एक रुपया देत नाही. सगळं पुसलं की फोन एका दमात उठतो. त्याची अडचण खरी आहे. स्टोरेजची चिपच थकली असेल तर लिहितानाच एरर येते आणि मग कुठलीच खूण कामाची नाही, हेही तो म्हणाला, आणि ते बरोबर आहे. पण आधी डेटा ठेवून प्रयत्न करा, हवं तर शंभर जास्त घ्या, असा पर्याय गिऱ्हाइकाला मिळायला हवा. आता तो विचारतो. माझ्यासमोर एका कॉलेजच्या मुलीला त्याने विचारलं.

कंपनीबद्दल मात्र माझा राग तसाच आहे. फर्मवेअर खुलं ठेवलं तर चोरांचं फावेल, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. ते मला पटत नाही. फर्मवेअर टाकल्यावरही फोनने पॅटर्नच मागितला, तो न देता आतलं काही दिसत नाही. सगळं पुसून टाकलं तरी अँड्रॉइड ५.१ पासून एफआरपी (रीसेटनंतरचं कुलूप) आहे, जुनं गुगल खातं मागितलं जातं. गुगल स्वतः पिक्सेलच्या पूर्ण ओटीए (अपडेटच्या) फाइली सगळ्यांसाठी ठेवतं. बूटलोडर न उघडता, डेटा न पुसता, रिकव्हरीतून त्या टाकता येतात. आमच्या फोनच्या रिकव्हरीतही ‘एडीबीवरून अपडेट’ (कॉम्प्युटरला जोडून फाइल टाकणं) हा पर्याय आहे, फक्त टाकायला कंपनीची फाइल नाही. ती असती तर फ्लॅश टूल, स्कॅटर, ड्रायव्हर यातलं काहीच लागलं नसतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, मोबाईल त्यात आहेत. मी तिथे पाहिलं, या मॉडेलची फाइल नाही. नवीन फोनांमध्ये तर टूल सुरू होण्याआधीच कंपनीची ऑथ (परवानगीची) फाइल मागितली जाते, म्हणजे मी केलं ते पुढच्या फोनला करता येईलच असं नाही.

छापील संमतीच्या त्या ओळीबद्दल मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीकडून ‘ही आमची ठरलेली कार्यपद्धती आहे’ एवढंच उत्तर आलं. मी ते मान्य केलेलं नाही, तक्रार पुढे चालू आहे.

फोनचं म्हणाल तर चार्जिंगचा पोर्ट सैल होत चाललाय आणि सिक्युरिटी पॅच येणं थांबलंय, त्यामुळे दिवाळीपर्यंत बदलावा लागेल. बजेट बारा हजार. स्क्रीन मोठा हवा असं बायकोचं म्हणणं आहे. ए/बी पार्टिशन आणि कंपनीने स्वतः दिलेली पूर्ण अपडेट फाइल या दोन गोष्टी माझ्या. या बजेटमध्ये पहिली सहज मिळते. दुसरीसाठी अजून शोधतोय.