शरणपूर रोडचा दानीएलचा क्लास, 35व्या वचनापर्यंत पैसा वसूल

नाशकात शरणपूर रोडला एका हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायाचा क्लास चालतो, चहा-बिस्कीट आणि झेरॉक्स नोट्स फीमध्येच, ग्रुपवर बरेच जण कसा आहे विचारत होते म्हणून लिहितोय. 5 पैकी साडेतीन.

भविष्यवाणी म्हणून लिहिलेला हा अध्याय घरी एकट्याने वाचून बघा, डोकं गरगरतं. उत्तरेचा राजा आला, दक्षिणेचा गेला, नाव कुणाचंच नाही. सरांनी खिडकीच्या गजांना कपड्याचे चिमटे लावून लांबलचक कापडी चार्ट टांगलाय, इजिप्तचे टॉलेमी निळे, सीरियाचे सेल्युकस घराण्यातले लाल, वचन वाचलं की त्या राजावर पट्टी ठेवायची. 6व्या वचनात दक्षिणेची राजकन्या उत्तरेच्या राजाकडे येते ना, ती दुसऱ्या टॉलेमीची मुलगी बेरेनिके. दुसऱ्या अँटिओकसने लाओदिकी नावाची पहिली बायको बाजूला सारून हिच्याशी लग्न लावलं, इ.स.पू. 246 ला तो गेला आणि मग बेरेनिके आणि तिचं पोर दोघांचाही खून झाला, की लगेच 7व्या वचनात तिचा भाऊ तिसरा टॉलेमी सैन्य घेऊन सीरियात हजर. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, सिरियलवाल्यांना सुचायचं नाही हे." आणि बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, जिला कोमट म्हटलंय ती लावदिकीयाची मंडळी (म्हणजे तिथले ख्रिस्ती लोक), ते शहर याच लाओदिकीच्या नावाने वसवलेलं!

राफियाची लढाई (इ.स.पू. 217) मात्र घाईत उरकली. तिसऱ्या अँटिओकसकडे 102 भारतीय हत्ती, चौथ्या टॉलेमीकडे 73 आफ्रिकन, आफ्रिकन हत्ती बुजले तरी लढाई टॉलेमीनेच मारली. अँटिओकसच्या घराण्याचा मूळपुरुष सेल्युकस, त्याला चंद्रगुप्त मौर्याने 500 हत्ती दिलेले, त्याचं नावच नाही. नाशकात बसून ग्रीक राजे शिकवताय आणि पांडवलेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त यवनाने (यवन म्हणजे ग्रीक) खोदवलेलं लेणं आहे ते पण सांगायचं नाही म्हणजे काय!

चौथ्या अँटिओकसचा, म्हणजे एपिफेनीसचा शनिवार सगळ्यात भारी. इ.स.पू. 168, हा इजिप्तच्या अलेक्झांड्रियाच्या तोंडाशी पोचलेला आणि रोमचा दूत पोपिलियस काठीने त्याच्याभोवती वाळूत गोल काढून म्हणतो, बाहेर पाय टाकायच्या आधी उत्तर दे. सरांनी फरशीवर खडूने गोल काढून एका कॉलेजच्या पोराला आत उभं केलं, पोरगं खरंच घाबरलं. 30व्या वचनातली कित्तीमची जहाजं म्हणजे हेच रोमवाले, तिथून माघार घेऊन तो चिडून यरुशलेमवर उलटला, 167 ला मंदिर विटाळलं, 164 ला मक्काबी या यहुदी बंडखोरांनी ते पुन्हा शुद्ध केलं.

इथवर सोनं. 36व्या वचनाला चार्ट गुंडाळला आणि पेपरची कात्रणं बाहेर आली, उत्तरेचा राजा म्हणजे आजचा अमुक देश, दक्षिणेचा तमुक, अहो दोन शनिवार आधी तुम्हीच पट्टी ठेवून दाखवलं ना कोण ते! खरा पेच तर इथेच आहे. 45व्या वचनात तो राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये तंबू ठोकतो आणि त्याचा शेवट होतो, एपिफेनीस मात्र मेला पर्शियाकडे. तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाचा ख्रिस्ती नसलेला तत्त्वज्ञ म्हणाला की ही भविष्यवाणी नाहीच, हे सगळं घडून गेल्यावर एपिफेनीसच्याच काळात लिहिलंय म्हणून एवढं जुळतं, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने त्याला उत्तर दिलं आणि पुढचा भाग शेवटच्या काळात येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाचा आहे असं मांडलं. दोन्ही बाजू ऐकायला मी आनंदाने एक्स्ट्रा शनिवार आलो असतो. विचारलं तर सर म्हणाले "विश्वासाने वाचा" आणि चहा मागवला. विश्वास आहे हो, म्हणून तर फी भरली.

चहा चांगला असतो पण. नवीन बॅच लागली की जा, पुढे बसा कारण चार्टवरची अक्षरं मागून दिसत नाहीत, आणि गाडी लांबच लावा, हॉलसमोर टू-व्हीलरलाही जागा नसते.