गोव्यात सात सीटची गाडी घेताना: तिसऱ्या ओळीत कोण बसणार, आणि गाडी दारापर्यंत जाणार का?

सात सीटची गाडी घ्यायचं घरात ठरलं की बोलणं लगेच सनरूफ, मोठा स्क्रीन आणि हॉर्सपॉवरवर जातं. गोव्यातल्या कुटुंबाने त्याआधी दोन प्रश्नांचा निकाल लावावा असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या ओळीत कोण बसणार, आणि किती वेळा? आणि गावच्या घरापर्यंतच्या वाटेवरून ही गाडी नीट जाणार का? एवढं ठरलं की यादीतल्या निम्म्या गाड्या गळतात आणि शोरूममध्ये डोकं शांत राहतं.

इथे घेतलेल्या गाड्या अशा: महिंद्रा स्कॉर्पिओ-एन, टाटा सफारी, ह्युंदाई अल्काझार, किया कारेन्स (आणि तिचीच पुढची आवृत्ती क्लॅव्हिस) आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस. मारुती अर्टिगाचाही उल्लेख येईल. कारेन्स, हायक्रॉस आणि अर्टिगा काटेकोर अर्थाने एसयूव्ही नाहीत. पण आई-बाबा, दोन मुलं, आजी आणि काकी यांना एकाच गाडीतून मंगेशीला न्यायचं असेल, तर बॉनेट किती उंच आहे याने काही फरक पडत नाही.

आधी टेप घ्या, मग ब्रोशर

डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा, कुठल्याही तालुक्यातला वाडा, म्हणजे गावातली वस्ती, घ्या. मुख्य रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती, एका बाजूला गटार, आणि समोरून दुधाचा टेम्पो. पावसाळ्यात गडग्यांवर झुडपं वाढतात आणि आहे ती वाटही अरुंद होते. अशा ठिकाणी गाडीची लांबी कमी त्रास देते, रुंदी जास्त.

सफारी आणि स्कॉर्पिओ-एन दोन्ही सव्वाएकोणीसशे मिलिमीटरच्या आसपास रुंद आहेत: स्कॉर्पिओ-एन १९१७, सफारी १९२२. हायक्रॉस १८५० च्या घरात, अल्काझार आणि कारेन्स १८००, अर्टिगा १७३५. आता गावच्या घराचं फाटक आठ फुटांचं धरा, म्हणजे साधारण २४४० मिलिमीटर. स्कॉर्पिओ-एन मधोमध घातली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम २६ सेंटिमीटर उरतात, आणि त्यात आरसे यायचे आहेत. अर्टिगाला ३५ सेंटिमीटर मिळतात. नऊ सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात. पण रात्री पावसात रिव्हर्स घेताना, मागच्या काचेवर वाफ धरलेली असताना, तेवढ्यावरच बाजूचा पत्रा वाचतो. फाटक सात फुटांचं असेल तर सफारी आणि स्कॉर्पिओ-एन यांचा विचार सोडलेला बरा, किंवा आधी गवंड्याशी बोलून घ्यावं.

तिसरी ओळ

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सात सीटची गाडी घेण्याचं कारणच ही ओळ आहे. तरीही टेस्ट ड्राइव्हला आलेल्यांपैकी फार थोडे जण तिथे जाऊन बसतात.

सत्तर वर्षांच्या पुढच्या आजीला मागे बसवण्याचा प्रकार बघा. दुसऱ्या ओळीतली सीट पुढे उलटते, मग एक पाय दारातून आत, हात छताच्या हँडलला, दुसरा पाय मधल्या फटीतून ओढून घ्यायचा आणि अंग वळवून मागच्या सीटवर टेकायचं. गुडघे धरलेल्या माणसासाठी यातली प्रत्येक पायरी कठीण असते. कारेन्समध्ये दुसऱ्या ओळीतली सीट एक बटण दाबलं की स्वतःहून दुमडून पुढे जाते आणि गाडीचा तळ कमी उंचीवर आहे, त्यामुळे पाय फार उचलावा लागत नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये शिडीसारख्या चेसिसवर (लोखंडी सांगाड्यावर) बॉडी बसवलेली असल्याने तळच उंच आहे. तिथे आजीला चढवायला दोन माणसं लागतात, आणि मागे एसीचे स्वतंत्र व्हेंटही नाहीत. मे महिन्यात कळंगुटला उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या मागच्या ओळीत बसून बघा, मग सनरूफचं आकर्षण ओसरतं.

सफारीची तिसरी ओळ बरी आहे. मध्यम उंचीचा मोठा माणूस तासभर बसू शकतो, आणि मागच्यांना एसीचं स्वतःचं नियंत्रण आहे. चढायला मात्र उंचच. अल्काझारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २७६० मिलिमीटर असला तरी तिथे मोठ्यांचे गुडघे वर येतात. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ठीक, काका-काकूंसाठी नाही. कारेन्सचा व्हीलबेस २७८० आहे आणि ४५४० मिलिमीटर लांबीच्या गाडीत तो चांगला वापरला आहे. या सगळ्यांत मागे माणसासारखं बसता येतं ते हायक्रॉसमध्ये. तिचा व्हीलबेस २८५०, मागची पाठ थोडी कलते, आणि मांडीखाली सीटचा आधार मिळतो. पणजीहून कोल्हापूरला महालक्ष्मीच्या दर्शनाला जाताना हा फरक सगळ्यांना कळतो.

सामानाचंही याच जोडीला बघा. सातही सीटा उभ्या असताना अल्काझारमध्ये १८० लिटर जागा उरते, अर्टिगात २०९, कारेन्समध्ये २१६, हायक्रॉसमध्ये ३००. सफारी आणि स्कॉर्पिओ-एन बाहेरून एवढ्या मोठ्या दिसतात, पण मागे दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान, नारळ, केळीचा घड, फटाके आणि नव्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन सगळं कुटुंब गावी निघतं. त्या दिवशी सहा माणसं आणि एक उघडलेली डिकी हाच खरा हिशेब असतो.

आणखी एक. सहा सीटची, म्हणजे मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली आवृत्ती दिसायला छान असते, आणि मधल्या वाटेने मुलं सहज मागे जातात. पण घरात पाच मोठी माणसं असतील तर बाकड्यासारखी सलग सीटच घ्या. नाहीतर मुलं धरून एक माणूस कायम उरतो, आणि तो शेवटी दुसऱ्या गाडीने येतो.

चढण, घाट आणि पाऊस

सत्तरीच्या आतल्या गावांत किंवा धारबांदोड्याकडे घर असेल, वाट मातीची असेल आणि व्हाळ (ओढा) ओलांडून जावं लागत असेल, तर स्कॉर्पिओ-एनला इथे पर्याय नाही. ती मागच्या चाकांवर चालते, आणि डिझेलमध्ये चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती मिळते. सफारी, अल्काझार, कारेन्स, हायक्रॉस या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. सात माणसं बसली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि शेवाळ धरलेल्या ओल्या सिमेंटच्या चढणीवर ती जागीच फिरू लागतात. गाडी बिघडलेली नसते, वजनाचं गणित तसं असतं. घरासमोर अशी चढण असेल तर टेस्ट ड्राइव्ह तिथेच घ्या, सात जण बसवून.

चोर्ला घाटात उलट होतं. साखळी, केरीवरून बेळगावला जाताना वळणं संपतच नाहीत, आणि उंच, शिडीच्या चेसिसची गाडी बाजूला झुलते. मागे बसलेल्या मुलांना मळमळतं. सफारी आणि हायक्रॉस तिथे जास्त स्थिर वाटतात. सफारीचं २ लिटरचं डिझेल इंजिन १७० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देतं, त्यामुळे भरलेली गाडी घाटात ट्रकमागून बाहेर काढताना जीव मुठीत धरावा लागत नाही. अल्काझारचं दीड लिटरचं डिझेल ११६ पीएसचं आहे. चार माणसांत ते मस्त चालतं, सात जणांत धीराने चालवावं लागतं. तिचं १६० पीएसचं टर्बो पेट्रोल जास्त चपळ आहे, पण पेट्रोल जास्त पितं.

डिझेल घ्यायचं का?

गोव्यात बहुतेक कुटुंबांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बीएस-६ (प्रदूषणाच्या सरकारी मानकाच्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी बराच वेळ एकसारख्या वेगाने धावावी लागते. आपलं रोजचं चालणं म्हणजे घर ते शाळा, शाळा ते ऑफिस, संध्याकाळी बाजार. इंजिन नीट तापायच्या आत आपण पोहोचलेले असतो. मग फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. दर आठवड्याला बेळगाव किंवा सावंतवाडी-कुडाळची फेरी असेल तर डिझेल जरूर घ्या, तिथे ते वसूल होतं. शिवाय गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, त्यामुळे डिझेलने होणारी बचत इथे आणखी कमी होते.

हायक्रॉसचं हायब्रिड या भूगोलाला फार छान जुळतं. कंपनीचा अधिकृत आकडा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं, पण पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत गाडी पुढे-मागे सरकत असताना इंजिन बंद राहतं आणि बॅटरीवर काम भागतं. इतर गाड्या नेमक्या तिथेच सर्वात जास्त इंधन जाळतात.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा विचार मात्र गोव्यात इतर कुठल्याही राज्याआधी करायला हवा. पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळं राज्य एका चार्जमध्ये येऊन-जाऊन होण्यासारखं आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांना स्वतःचं अंगण आहे. किया कारेन्स क्लॅव्हिस ईव्ही जुलै २०२५ मध्ये आली. तिच्या मोठ्या ५१.४ किलोवॉट-तासाच्या बॅटरीवर कंपनी ४९० किलोमीटरचा दावा करते. भर पावसात, एसी लावून, सात जणांसह तेवढं मिळणार नाही, पण निम्म्याहून बरंच जास्त धरलं तरी पुरे. अडचण एकच: जून-जुलैत गावाकडे रात्रभर वीज गेली की सकाळी गाडी अर्धीच भरलेली असते. घरात दुसरं वाहन असेल तर हा प्रश्न उरत नाही.

सुरक्षितता

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वेग वाढला आहे, आणि आपण गाडीत घरातली सगळीच माणसं बसवणार आहोत. म्हणून भारत एनकॅप आणि ग्लोबल एनकॅप या संस्था गाडी आपटून बघतात आणि पाचपैकी जे तारे देतात, ते मी हलक्यात घेत नाही. सफारीला भारत एनकॅपमध्ये २०२३ साली मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हींत ५ तारे मिळाले. हायक्रॉसलाही २०२५ मध्ये भारत एनकॅपचे ५ तारे मिळाले. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपमध्ये २०२२ साली मोठ्यांसाठी ५, पण मुलांसाठी ३. कारेन्सला ग्लोबल एनकॅपने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३ तारे दिले. मला ती गाडी आवडते, पण हा मुद्दा मी लपवणार नाही. शोरूममध्ये एक प्रश्न आवर्जून विचारा: बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचतात का? आणि मागच्या सीटवर डोक्यामागचा आधार वर ओढून बघा. तो मानेपर्यंतच येत असेल तर उंच माणसाला तिथे बसवू नका.

पैशाचं

या सगळ्या गाड्या चार मीटरपेक्षा लांब आहेत, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. आधी उपकर धरून मोठ्या एसयूव्हीवर तो ५० टक्क्यांपर्यंत जायचा. विजेवरच्या गाडीला फक्त ५ टक्के. म्हणून जुन्या कोटेशनवर विसंबू नका, नवं मागवा. रस्ता कर, विमा आणि वाढीव वॉरंटी धरूनच तुलना करा. हायक्रॉसची साधी पेट्रोल आवृत्ती त्यामानाने आवाक्यात असली तरी हायब्रिड पंचवीस लाखांच्या पुढे जाते, आणि तो पैसा मध्यम बजेटच्या कुटुंबाला जड आहे.

मग कोणती?

आई-बाबा रोज सोबत असतील, महिन्यातून एकदा तरी गाडी पूर्ण भरत असेल आणि कर्ज न ताणता पैसे जमत असतील, तर हायक्रॉस हायब्रिड. दुसरी शोधायची गरज नाही.

बजेट अठरा-वीस लाखांपाशी थांबत असेल आणि बेळगाव-कोल्हापूरची ये-जा नियमित असेल, तर सफारी डिझेल. मात्र फाटक मोजून. घाट, महामार्ग आणि सुरक्षितता या तिन्हींत ती पैशाचं मोल देते.

गाडी मुख्यतः गोव्यातच फिरणार असेल, वाडा अरुंद असेल आणि वृद्ध माणसांची चढ-उतार रोजची असेल, तर कारेन्स किंवा क्लॅव्हिस. अंगण असेल तर तिची विजेवरची आवृत्ती आधी चालवून बघा. अल्काझार मी फक्त त्यांनाच सुचवेन ज्यांची दोन लहान मुलं आणि त्यांचे मित्र मागे बसतात आणि मोठी माणसं चारच आहेत. स्कॉर्पिओ-एन ज्याला लागते त्याला लागतेच, बाकीच्यांनी ती दिसण्यावर भाळून घेऊ नये. आणि दहा लाखांच्या आसपास थांबायचं असेल तर अर्टिगा: ताकद बेताची, पण गल्लीबोळांत सगळ्यांत सोयीची.

वापरलेली इनोव्हा क्रिस्टा बघणाऱ्यांनी गाडी आधी टॅक्सी किंवा रेंट-अ-कॅब म्हणून चालली होती का, हे नोंदणीच्या कागदांवरून पाहून घ्यावं. किनाऱ्याजवळ राहिलेली गाडी असेल तर रॅम्पवर चढवून खालचा पत्रा टॉर्चने बघावा. खारी हवा आधी तिथेच खाते.

सर्व्हिस सेंटर शक्यतो तुमच्या बाजूचं असू द्या, मांडवी किंवा झुआरी ओलांडायला न लागणारं. आणि चतुर्थीला गाडी दारात हवी असेल तर बुकिंग मे महिन्यातच करा. ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच गाडी हवी असते, आणि मग हवा तो रंग सोडा, हवी ती आवृत्तीही वेळेत मिळत नाही.