जुने फ्लॅश गेम मोबाइलवर : रफल की ॲप?

ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा गाशा ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला गुंडाळला. आता एक वाट रफल या एम्युलेटरची, म्हणजे फ्लॅशची नक्कल करून ते गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहाच्या साइटवर गेम उघडला की थेट ब्राउझरमध्ये चालतो, फुकट. नुसत्या क्लिकवरचा गेम असेल तर मजाच. पण उडी स्पेसबारवर आणि पळणं बाणांच्या कळांवर असेल, तर काचेवर बोटं घासत बसा! ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरणं जोडायची सोय) कीबोर्ड जोडता येतो म्हणा, पण मग लोकलमध्ये उभ्याने खेळणं विसरा.

दुसरी वाट गेमच्या स्वतःच्या मोबाइल ॲपची. २०११ चा ‘किंगडम रश’ घ्या, मनोरे उभारून शत्रूंना रोखायचा गेम: मनोऱ्याची जागा दाबली, पर्याय निवडला, मनोरा उभा. इथे माझं मत बिनदिक्कत ॲपला. गेममधल्या काही हिरोंसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि असं ॲप मोजक्याच गेमना लाभलंय. बाकीच्यांसाठी रफलच.