झाडकामासाठी छोटा लोडर: उभं राहून चालवायचा, मधून मोडणारा की स्किड स्टिअर?

झाडकामात खरा वेळ करवत खात नाही, खाली पडलेला पसारा खातो. फांद्या ओढत चिपरपर्यंत (फांद्यांचा बारीक भुगा करणारं यंत्र) न्या, ओंडके ट्रेलरवर चढवा, शेवटी भुसा गोळा करा, यातच माणसं दमतात. म्हणून छोटा लोडर घ्यायचं कधी ना कधी मनात येतंच आणि मग ब्रोशर चाळता चाळता गाडी हॉर्सपॉवरवर येऊन अडकते. माझं मत विचाराल तर हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन आकडे कागदावर लिहा: तुमच्या कामांत येणारं सगळ्यात अरुंद गेट किती, उचलायचा सगळ्यात जड ओंडका किती किलोचा, आणि मशीन अटॅचमेंटला (पुढे लावायच्या अवजाराला) मिनिटाला किती लिटर हायड्रॉलिक तेल देतं.

ओंडक्याच्या वजनात भले भले फसतात. ओलं लाकूड जातीप्रमाणे घनमीटरला साधारण 800 ते 1100 किलो भरतं, 1000 धरलं की हिशोब सोपा. 50 सेंटीमीटर जाड आणि 2 मीटर लांब ओंडका म्हणजे 390 किलोच्या आसपास, आणि तेवढ्याच लांबीचा 60 सेंटीमीटरचा घेतला तर 565. नुसत्या डोळ्यांनी बघून दोघांत फारसा फरक वाटत नाही पण मशीनला तो बरोबर कळतो.

आता ब्रोशरमधली ऑपरेटिंग कपॅसिटी, म्हणजे मशीनने उचलायचं वजन. मशीन पुढे कलंडायला जेवढं वजन लागतं त्याला टिपिंग लोड म्हणतात, चाकांच्या लोडरला त्याच्या 50 टक्के धरतात आणि पट्ट्यांच्या म्हणजे ट्रॅकवाल्याला 35 टक्के. काही कंपन्या ट्रॅकवाल्याचाही 50 टक्क्यांचा आकडा शेजारी छापतात, त्यामुळे दोन ब्रोशर शेजारी ठेवताना कुठला आकडा कशाचा ते आधी बघा नाहीतर तुलनाच चुकीची. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा बकेट लावून काढलेला असतो. ग्रॅपल (ओंडके-फांद्या पकडणारा जबडा) बकेटपेक्षा जड असेल तर जादा वजन त्यातूनच गेलं, आणि ओंडक्याचा भार बकेटमधल्या मातीपेक्षा बराच पुढे लटकतो तो हिशोब वेगळाच.

उभं राहून चालवायचा मिनी लोडर (टोरो डिंगो, व्हर्मीरचा सीटीएक्स वगैरे) हा अरुंद गेटांचा राजा. बरीच मॉडेल्स 90 सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतात, घराच्या बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात जाणारं दुसरं काही सहसा मिळतच नाही. उचल साधारण 250 ते 450 किलो, मोठ्या मॉडेलची त्याहून जास्त. याचा खरा फायदा ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो: मागच्या फळीवरून पटकन उतरता येतं, ओंडक्याचे दोन तुकडे करता येतात, परत चढून उचलता येतात, आणि झाडकामात असं दिवसभर चढ-उतर चालूच असतं. तोटा असा की बहुतेकांना डोक्यावर छप्पर नसतं, त्यामुळे वर माणूस फांद्या कापत असताना खाली हे मशीन फिरवायचं नाही म्हणजे नाही. आणि ओंडका मधोमध न धरता एका टोकाला धरला तर तो तिरका होऊन बाजूला झुलतो, चालवणाऱ्याला पुढचं नीट दिसतही नाही.

मधून मोडणारा म्हणजे आर्टिक्युलेटेड लोडर, फिनलंडचा अव्हांट हे त्यातलं ओळखीचं नाव. यात बसून काम करता येतं, वर संरक्षणाचा सांगाडा असतो, आणि मुख्य म्हणजे वळताना चाकं घासत नाहीत. स्किड स्टिअर वळतो तो एका बाजूची चाकं जोरात आणि दुसरीकडची हळू फिरवून, त्यामुळे हिरवळ सोलून निघते. हा मधल्या सांध्यातून वाकतो आणि मागची चाकं पुढच्यांच्याच वाटेने येतात. ज्यांची गिऱ्हाइकं लॉनवर जीव टाकतात त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बऱ्याच मॉडेलना पुढे सरकणारा बूम म्हणजे उचलायचा हात असतो, त्याने ट्रेलरच्या पलीकडच्या कडेला ओंडका ठेवता येतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बूम जेवढा बाहेर तेवढी उचल कमी, आणि मशीन पूर्ण वळलेलं असताना टिपिंग लोड सरळ असतानापेक्षा चांगलाच कमी होतो. उतारावर, भार वर धरून, पूर्ण वळण, हे तिन्ही एकत्र आलं की मागचं चाक उचललंच म्हणून समजा. चिखलातही चाकांचं काही खरं नाही, तिथे पट्टे बरे.

पट्ट्यांचं गणित करून बघा. 1200 किलोचं मशीन, 20 सेंटीमीटर रुंद पट्टा, 90 सेंटीमीटर जमिनीला टेकलेला, असे दोन पट्टे म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण 0.33 किलो एवढाच दाब. मऊ जमिनीत मशीन रुतत नाही. वळताना मात्र पट्टा घासतोच, जागच्या जागी फिरवलं तर गवताचा गोल निघून येतो, तेव्हा मोठा वळसा घ्या किंवा खाली मॅट टाका.

मोठा स्किड स्टिअर जन्माला आला तो टर्की पक्ष्यांचे गोठे साफ करायला. मिनेसोटातल्या केलर बंधूंनी 1957 मध्ये तीन चाकांचा लोडर बनवला, 1960 मध्ये त्याला चौथं चाक आलं आणि पुढे तेच बॉबकॅट. झाडकामात हा घ्यायचा तो मोकळ्या प्लॉटवर, जिथे गेट नाही, लॉन नाही आणि बुंधेच्या बुंधे उचलायचेत. जंगल साफ करायचा मल्चर (झुडपं जागच्या जागी चिरडणारं अवजार) लावायचा असेल तर मिनी लोडर विसरा, हाय फ्लोवालं म्हणजे अटॅचमेंटला जास्त तेल देणारं मोठं मशीनच हवं, आणि समोर पॉलीकार्बोनेटचं दार, कारण मल्चरमधून उडालेला तुकडा साध्या काचेला जुमानत नाही. पण रुंदी दीड मीटरच्या वर, वजन काही टन, वाहून न्यायला मोठा ट्रेलर. निम्मी कामं घरांच्या मागच्या अंगणात असतील तर हा घेऊन तुम्ही गेटाबाहेरच उभे.

अटॅचमेंटमध्ये पहिला पैसा ग्रॅपलवर, यात मला शंकाच नाही. बकेटला वरून जबडा लावलेला ग्रॅपल पालापाचोळ्याला ठीक, पण फांद्यांसाठी लटकता, मोकळा फिरणारा ग्रॅपल घ्या. तो लावला की फांद्यांचा भारा जाड टोकांपाशी पकडायचा, मागचा शेंडा जमिनीवरून घसटत येऊ द्यायचा, आणि चिपरसमोर आल्यावर जाड टोकं सरळ रोलरमध्ये घालायची. गेट आलं की भारा आपोआप लांबीत वळतो, मशीन आडवं करावं लागत नाही. हायड्रॉलिकने फिरणारा याहून अचूक, पण त्याला जास्तीची लाइन लागते आणि होज फांद्यांत अडकून फाटतात. पॅलेट फोर्कना (पुढे लावायचे दोन सपाट दांडे) कोणी विचारत नाही, पण जाड चकत्या हलवायला फोर्कसारखं साधन नाही.

स्टंप ग्राइंडरबद्दल (बुडखा भुगा करून काढणारं अवजार) मात्र हात आखडता घ्या. हायड्रॉलिक ताकदीचा साधा हिशोब आहे: मिनिटाला लिटर गुणिले दाब बारमध्ये, भागिले 600, उत्तर किलोवॉटमध्ये. 40 लिटर आणि 200 बार म्हणजे 13 किलोवॉट, 75 लिटर असेल तर 25, आणि ग्राइंडरच्या चाकापर्यंत पोचेतो त्यातलंही थोडं गळतं. 13 किलोवॉटवर बुडखा निघतो पण वेळ खातो आणि तेल तापतं. अधूनमधून एखादा बुडखा असेल तर चालेल, रोजचंच काम असेल तर स्वतःचं इंजिन असलेला वेगळा ग्राइंडर बरा. अटॅचमेंटच्या मोटरला केस ड्रेनची (मोटरमधलं गळतं तेल परत टाकीत नेणारी) बारीक लाइन लागत असेल तर लोडरवर ती आहे का ते आधीच विचारा, ती न जोडता चालवलं की मोटरचं सील जातं.

कपलर प्लेट, म्हणजे अटॅचमेंट जिथे अडकते ती प्लेट, हीही बघून घ्या. मोठ्या स्किड स्टिअरची प्लेट बऱ्यापैकी सगळीकडे सारखी, मिनी लोडरची त्याहून छोटी आणि वेगळी, अव्हांटसारख्यांची स्वतःची. पुढे मशीन बदललं तर आधीचं ग्रॅपल अडॅप्टरशिवाय बसेलच असं नाही, आणि अडॅप्टर लावला की भार अजून पुढे सरकतो, म्हणजे उचल परत घटली.

डेमोला मशीन आलं की विक्रेत्याची बकेट लावू देऊ नका. तुमचा नेहमीचा ओंडका ग्रॅपलमध्ये धरा, जमिनीपासून वीतभर उचला, पूर्ण वळवा आणि मागची चाकं बघा. मग तेच मशीन तुमच्या अरुंद गेटातून भार धरून काढून दाखवायला सांगा, कारण मशीन 90 सेंटीमीटरचं असलं तरी आडवा धरलेला ओंडका 2 मीटरचाच असतो.